शून्य ब्रोकरेजचं खातं, नऊ महिने आणि लेजरमधल्या बारीक नोंदी

२०२४ ची दिवाळी झाल्यावर आमच्या भाऊजींनी विषय काढला. "वहिनी, एफडीत पैसे नुसते पडून असतात, थोडे शेअरमध्ये टाका, आता ब्रोकरेज शून्य आहे." मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, हिशेबाची सवय आहे, पण शेअर बाजार म्हटलं की पोटात गोळा यायचा. तरी ११ नोव्हेंबर २०२४ ला ॲपवर खातं उघडलं. पॅन, आधार, ओटीपी, कोऱ्या कागदावर सही करून फोटो, आणि खातं उघडायची फी काही नाही. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, डिलिव्हरीवर (म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवले तर) ब्रोकरेज, म्हणजे ब्रोकरचं कमिशन, ० रुपये. खाली बारीक अक्षरात अजून काही ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. ते वाचायला मला पुढचा मे महिना उजाडला, म्हणून हे सगळं तारखांसकट लिहितेय, नवीन खातं उघडणाऱ्या कुणाला तरी आधीच कळावं म्हणून.

पैसे टाकताना नेट बँकिंग निवडलं, बँकेचं नेहमीचं तेच म्हणून. प्रत्येक वेळी ९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १०.६२ जायचे. यूपीआयने टाकले तर काहीच लागत नव्हतं, पण ते मला चार वेळा पैसे टाकून झाल्यावर कळलं.

१९ नोव्हेंबरला पहिली खरेदी केली, बरोबर २०,००० रुपयांची. दुसऱ्या दिवशी विधानसभेच्या मतदानामुळे बाजार बंद होता त्यामुळे शेअर खात्यात दिसायला २१ तारीख उजाडली. बाजार चालू असला की खरेदीच्या दुसऱ्या दिवशीच येतात. खरेदीच्याच रात्री मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट (म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहाराचं बिल) आली होती, पीडीएफ, पासवर्ड म्हणजे आपला पॅन. ती उघडून बघा, खरंच बघा. मला वाटलेलं २०,००० च्या खरेदीला २०,००० लागतील, पण लागले २०,०२३.७२. वरचे २३.७२ कुठे गेले तर एसटीटी म्हणजे सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स २० रुपये, स्टॅम्प ड्युटी ३ रुपये, एक्स्चेंजचा म्हणजे शेअर बाजाराचा चार्ज ५९ पैसे, सेबीची (बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) फी २ पैसे आणि या शेवटच्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी ११ पैसे. ब्रोकरेजच्या पुढे खरोखरच शून्य होतं.

एसटीटी २००४ पासून आहे आणि तो केंद्र सरकारकडे जातो. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का आणि विकताना परत ०.१ टक्का. स्टॅम्प ड्युटी फक्त घेताना लागते, ०.०१५ टक्के, १ जुलै २०२० पासून देशभर एकच दर आहे. सेबीची फी एक कोटीच्या उलाढालीवर १० रुपये, म्हणजे आपल्यासारख्यांना पैशांतच. हे कुठल्याही ब्रोकरकडे गेलं तरी लागणारच, त्यामुळे यावर रागवून उपयोग नाही. मला तेव्हा बरंच वाटलं उलट, की चला, सगळं कागदावर आहे, लपवलेलं काही नाही.

१० डिसेंबरला तेच शेअर विकले, २०,४०० ला. विकताना डिपॉझिटरीचा, म्हणजे आपले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा, टीपिन (विक्रीला मंजुरी द्यायचा पिन) आणि ओटीपी टाकावा लागतो, त्यात माझा अर्धा तास गेला. कॉन्ट्रॅक्ट नोटवर चार्जेस २०.७४, म्हणजे जमा व्हायला हवे २०,३७९.२६. दोन दिवसांनी लेजर (ब्रोकरकडच्या आपल्या खात्याची जमाखर्चाची वही) बघितलं तर १७.७० कमी. नोट परत बघितली, तिच्यात १७.७० कुठेच नाही. सपोर्टला तिकीट टाकलं, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की हे डीपी चार्जेस आहेत, ते ट्रेडचे नसून डीमॅटचे (शेअर ठेवायच्या खात्याचे) आहेत, म्हणून कॉन्ट्रॅक्ट नोटवर येत नाहीत, थेट लेजरला पडतात.

मला सगळ्यात जास्त वेळ हे समजायला लागला, म्हणून जरा थांबून सांगते. आपण शेअर विकतो तेव्हा ते आपल्या डीमॅट खात्यातून बाहेर जातात, त्या प्रत्येक डेबिटला डिपॉझिटरी ब्रोकरकडून पैसे घेते, माझी डिपॉझिटरी सीडीएसएल, तिचा दर तेव्हा साडेतीन रुपये होता. माझा ब्रोकर माझ्याकडून १५ घेत होता आणि वर जीएसटी २.७०. म्हणजे साडेतीनच्या आसपास डिपॉझिटरीचे आणि उरलेले ब्रोकरचे. आणि ही रक्कम टक्क्यांत नाही, ठोक आहे. एका कंपनीचे शेअर एका दिवशी विकले की १७.७०, मग एक शेअर विका नाहीतर हजार. ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) विकला तरी तेच. २०,४०० च्या विक्रीत १७.७० जाणवत नाहीत, पण मी जानेवारी-फेब्रुवारीत काय केलं तर थोडा नफा दिसला की थोडे थोडे शेअर काढायचे. एकदा १,२०० रुपयांचे विकले, त्यावर १७.७०, म्हणजे जवळजवळ दीड टक्का गेला. त्याच कंपनीचे अजून दोन दिवसांनी, मग परत पुढच्या आठवड्यात. तीन वेळा मिळून ५३.१०. सगळे एकाच दिवशी विकले असते, अगदी सकाळी चार आणि दुपारी सहा असे तुकड्यात जरी, तरी १७.७० मध्ये काम झालं असतं. काढायचे असतील तर एका कंपनीचे एकाच दिवशी काढा.

टीपिनचा कंटाळा येऊन जानेवारीत डीडीपीआय (दर वेळी टीपिन न टाकता विकता येईल अशी ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) करून घेतलं, ते १०० अधिक जीएसटी, ११८ रुपये. महिन्याला एक-दोन वेळाच विकणार असाल तर टीपिन टाकत बसलेलं परवडतं, मला आता तसं वाटतं.

मग मी इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं, करून बघितलं. एकूण सहा दिवस. इथे ब्रोकरेज शून्य नव्हतंच, ०.०३ टक्के किंवा २० रुपये, जे कमी असेल ते, आणि ते घेताना पण आणि विकताना पण. २२ जानेवारीचा दिवस मला पाठ आहे. ३०,००० ला घेतले, भाव थोडा वर होता, शाळेत वार्षिक तपासणी चालू होती त्यामुळे विकायचं राहून गेलं आणि ॲपने वेळ संपताना आपोआप विकले, ३०,१०० ला. शंभर रुपये नफा. कॉन्ट्रॅक्ट नोटवरचे चार्जेस साधारण ३२ रुपये, त्यात १८ ब्रोकरेज आणि ८ एसटीटी. आणि ब्रोकरने स्वतः स्क्वेअर ऑफ केलं, म्हणजे विकून सौदा मिटवला, म्हणून लेजरला ५० अधिक जीएसटी, ५९. हातात राहिले नऊ. त्या दिवशी मी कुणाशी नीट बोलले नाही, शंभर रुपयांची बाब नव्हती, पण आपण इतके तास जीव मुठीत धरून बसलो ते कशासाठी हे कळेना.

अजून एक खर्च असा होता जो नोटवरही नाही आणि लेजरवरही नाही. फेब्रुवारीत एका लहान कंपनीचे ६० शेअर घेतले, स्क्रीनवर भाव १८२.४०, मी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घ्या अशी) टाकली आणि सरासरी पडली १८३.१०. शेवटचा सौदा १८२.४० ला झालेला असतो, पण त्या क्षणी विकणारे वरच्या भावाला बसलेले असतात, आणि लहान कंपनीत ते मोजकेच असतात. शेअरमागे ७० पैसे, साठ शेअरचे ४२ रुपये. त्या खरेदीवर एसटीटी अकरा रुपये होता, म्हणजे सरकारच्या जवळजवळ चौपट मी घाईला दिले. तेव्हापासून लिमिट ऑर्डरच (याच्या वरच्या भावाला नको अशी) टाकते आणि आधी पाच बोली बघून घेते, कितीला किती शेअर उभे आहेत ते.

एप्रिलपर्यंत मला नुसतं वाटत होतं की नफा दिसतोय तेवढा खात्यात येत नाहीये. १ मेला सुट्टी, बाजारही बंद, त्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले आणि नोव्हेंबरपासूनचं अख्खं लेजर एक्सेलमध्ये उतरवून घेतलं. ॲपवर नफा-तोट्याचं पान असतं ना, त्यावर बरेचदा चार्जेस धरलेले नसतात किंवा ते बघायला वेगळं बटण दाबावं लागतं, म्हणून लेजरच बघा. निघालं ते असं. डीपी चार्जेस चौदा वेळा, २४७.८०. डीमॅटची एएमसी (खातं चालू ठेवायची फी) तिमाहीला ८८.५० प्रमाणे दोन वेळा, १७७. नेट बँकिंगचे ४२.४८, डीडीपीआयचे ११८, स्क्वेअर ऑफचे ५९. हे झाले ६४४.२८, यातला एकही रुपया कॉन्ट्रॅक्ट नोटवर नाही. कॉन्ट्रॅक्ट नोटवरचे सगळे मिळून ४२१.३६, त्यात अडीचशेच्या वर नुसता एसटीटी. बेरीज १,०६५.६४. आणि विकलेल्या शेअरवर माझा नफा होता २,३१०. म्हणजे शंभरातले सेहेचाळीस रुपये गेले.

मी बेरीज तीन वेळा केली. नवऱ्याला दाखवली, तो म्हणाला, अगं चुकली असेल, त्याने पण केली, तेवढीच आली. रडू नाही आलं पण वाईट फार वाटलं, कारण मी फसवलं गेले असं म्हणायलाही जागा नव्हती, प्रत्येक रक्कम त्यांच्या दरपत्रकात होती.

मग दुपारभर ते दरपत्रक वाचलं आणि सेबीची परिपत्रकं पण. ब्रोकरला शून्य ब्रोकरेज आधी परवडायचं कसं याचा एक भाग तिथे कळला. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी एक्स्चेंजचे दर स्लॅबचे होते, ज्या ब्रोकरची उलाढाल मोठी त्याला दर कमी पडायचा, पण ग्राहकाकडून जास्त दराच्या स्लॅबप्रमाणे घेतलं जायचं आणि मधला फरक ब्रोकरकडे राहायचा. सेबीने १ जुलै २०२४ च्या परिपत्रकाने ते थांबवलं, आता ग्राहकाकडून घेतात तेवढंच एक्स्चेंजला पोचलं पाहिजे. एनएसई या एक्स्चेंजचा दर त्यानंतर ०.००२९७ टक्के झाला, एक लाखाला २ रुपये ९७ पैसे. सेबीचाच इंट्राडेवरचा अभ्यास पण वाचला, जुलै २०२४ चा. २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांत सात तोट्यात होते, आणि तोट्यातल्या लोकांचा चार्जेसवरचा खर्च त्यांच्या तोट्याच्या ५७ टक्के, तोट्याच्या वर आणखी. माझा २२ जानेवारी त्यात कुठे बसतो ते मला लगेच कळलं. त्या दिवसापासून इंट्राडे बंद केलं.

याच वाचनात एक कामाची गोष्ट सापडली, बीएसडीए, बेसिक सर्व्हिसेस डीमॅट अकाउंट. १ सप्टेंबर २०२४ पासून होल्डिंग, म्हणजे खात्यातल्या शेअरची किंमत, ४ लाखांपर्यंत असेल तर एएमसी शून्य, ४ ते १० लाखांत वर्षाला १०० रुपये. माझं होल्डिंग तर लाखाच्याही आत होतं. मग मला ८८.५० का लागतात? ५ मेला तिकीट टाकलं. उत्तर आलं, तुमच्या पॅनवर दुसरं डीमॅट खातं आहे, बीएसडीएला सगळीकडे मिळून एकच खातं लागतं.

दुसरं खातं! मी म्हटलं शक्यच नाही. मग मेलमध्ये महिन्याला येणारं ते ई-कॅस (पॅनवरच्या सगळ्या डीमॅट खात्यांचं एकत्र पत्रक) उघडलं, जे मी कधीच उघडत नव्हते, आणि त्यात दोन खाती. एक नवं, सोळा आकडी, आणि एक आयएन अक्षरांनी सुरू होणारं, एनएसडीएल या दुसऱ्या डिपॉझिटरीचं. २०१७ मध्ये बँकेतल्या माणसाच्या सांगण्यावरून एका आयपीओसाठी उघडलेलं. त्यात अकरा शेअर पडून होते. पासबुक काढलं, पहिलं वर्ष फुकट आणि मग २०१८ पासून दर सप्टेंबरला ५९० रुपये, सात वेळा, ४,१३०. बचत खात्यातून परस्पर जात होते, नोंदीत एक आखूड शब्द, आणि मी दर वर्षी तो लॉकरचा वगैरे समजून सोडून दिलेला. एवढ्या वर्षांत मागितलं असतं तर ते खातंही बीएसडीए झालं असतं. मागचे पैसे मिळत नाहीत म्हणून बँकेने स्पष्ट सांगितलं, ते मी सोडले.

बंद करायची प्रक्रिया सांगते. ७ मेला शाखेत गेले, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन. लागले ते कागद म्हणजे क्लोजर फॉर्म, नव्या खात्याचा सीएमआर, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद (हा नव्या ब्रोकरच्या ॲपवर डाउनलोड होतो, माझा डिजिटल सहीचा होता, तो आधी नको म्हणाले मग चालला), पॅनची झेरॉक्स आणि न वापरलेल्या डिलिव्हरी स्लिपचं पुस्तक. ते पुस्तक घरी आणायला परत जावं लागलं, त्यामुळे पहिल्यांदाच घेऊन जा. काउंटरवरचे म्हणाले, मॅडम, शेअर दुसरीकडे पाठवायचे २५ अधिक जीएसटी लागतील. मी म्हटलं, साहेब, खातं बंद करतेय आणि स्वतःच्याच नावाच्या, त्याच पॅनच्या खात्यात पाठवतेय, याला चार्ज लागत नाही असा सेबीचा नियम आहे, तुम्ही एकदा विचारून बघा. ते आत जाऊन विचारून आले आणि नाही लागणार म्हणाले. चांगले होते ते, त्यांनाही असं रोज कुणी विचारत नसणार.

१६ मेला मेल आला, सही जुळत नाही, फॉर्म परत. २०१७ ची माझी सही पूर्ण नावाची होती, आता मी आडनाव आखूड करते. परत गेले, बँकेतूनच सही प्रमाणित करून घेतली, फॉर्म पुन्हा भरला. २३ मेला अकरा शेअर नव्या खात्यात आले. खातं बंद झाल्याचं पत्र मात्र येईना, मग बँकेच्या तक्रारीच्या मेलवर लिहिलं, २ जूनला पत्र आलं. तिथे काम झालं नसतं तर सेबीच्या स्कोर्स या तक्रारीच्या वेबसाइटवर तक्रार करणार होते, तिथे २१ दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे, पण आधी बँकेकडे किंवा ब्रोकरकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, म्हणून तिकिटांचे नंबर वहीत लिहून ठेवत जा. आणि एक, एएमसी वर्षाची आगाऊ घेतलेली असेल आणि खातं मधेच बंद केलं तर उरलेल्या पूर्ण तिमाह्यांचे पैसे परत मिळतात. बँक स्वतःहून देत नव्हती, अर्जात एक ओळ लिहिली तेव्हा १९ जूनला १४७.५० जमा झाले. एका तिमाहीचे.

३ जूनला ब्रोकरला बंद झाल्याचं पत्र जोडून बीएसडीए मागितलं. सुरुवातीला ठरावीक साच्यातलं उत्तर आलं, एएमसी दरपत्रकाप्रमाणे. ६ तारखेला परत लिहिलं, परिपत्रकाची तारीख घालून, २८ जून २०२४. १० तारखेला कळवलं की चालू बिलिंग संपल्यावर बदल होईल. मेमध्ये कापलेली तिमाही परत नाही मिळाली, आणि ते बरोबरच होतं, तेव्हा माझी दोन खाती होती.

जुलैत रिटर्न भरायला घेतलं तेव्हा शेवटचा खर्च समोर आला. दर वर्षी मी स्वतः आयटीआर-१ भरते. वर्षाच्या आत शेअर विकले म्हणून ते चालत नाही एवढं माहीत होतं, पण इंट्राडे म्हणजे सट्ट्याचा व्यवसाय धरला जातो म्हणून आयटीआर-३ लागतं हे माहीत नव्हतं. सहा दिवसांच्या इंट्राडेसाठी सीएला २,००० रुपये दिले. त्यांनीच सांगितलं की डिलिव्हरीचा नफा काढताना ब्रोकरेज वजा होतं पण एसटीटी वजा होत नाही. माझ्याकडे ब्रोकरेज शून्य, म्हणजे वजा करायला जवळजवळ काही नव्हतंच, आणि वर्षाच्या आतल्या नफ्यावर दर २० टक्के. इंट्राडेत मात्र एसटीटीही खर्चात धरता येतो.

आता महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, लेजर उतरवते. विकायच्या आधी वहीत लिहिते, किती रुपयांचे, कितव्यांदा, १७.७० त्याचे किती टक्के, आणि अर्धा टक्क्याच्या वर गेलं तर थांबते. जूनपासून एकदाच विकलेत.

११ ऑगस्टला एएमसी पडायची तारीख होती. त्या रात्री बघितलं, १२ ला बघितलं, १४ ला परत बघितलं. लेजरमध्ये नोंद नाही. खात्याच्या प्रोफाइलमध्ये प्रकार होता तिथे आता बीएसडीए लिहिलंय.